घर तापायला लागणारे चार दिवस

मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला शिकायला गेले ते २०१३ साली. त्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात आणि नवी तांब्याची तार गुंडाळून परत जातात. मी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, नंतर शिष्यवृत्ती मिळाली आणि पदवीसाठी ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातल्या कॅम्पसला प्रवेश घेतला.

राहण्याची सोय आमच्या पॉलिटेक्निकच्या सरांनी करून दिली. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याहून तिकडे गेली होती. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती, तिचा नवरा आयटीत, आणि त्यांना पाच वर्षांची एक मुलगी. त्यांच्या घरातली एक खोली मला मिळाली. सरांची मुलगी म्हणून मी तिला ताई म्हणू लागले आणि तिच्या नवऱ्याला, आमच्याकडच्या पद्धतीने, दाजी.

"मला आजवर कुणी दाजी म्हटलं नव्हतं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "एकदम चार एकर ऊस असल्यासारखं वाटतंय."

त्या वर्षी ते भाड्याच्या घरात राहत होते. लाकडी भिंती, खिडक्यांना एकेरी काच. मे महिन्यापासून, म्हणजे तिकडे हिवाळा लागला की, सकाळी काचांवर आतून पाणी साचायचं आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायचा. हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र होतं, त्याची बादली मी रोज मोरीत ओतायचे. याच हिवाळ्यात दाजींची आई पुण्याहून राहायला आली. मी त्यांना काकू म्हणायचे. दाजींचे वडील आदल्या वर्षी गेले होते आणि काकू पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या होत्या. त्यांनी आता मुलाकडेच राहावं असं ठरत होतं. पण सहा आठवड्यांत त्यांना असा खोकला धरला की बोलताना वाक्य पुरं होईना. गुडघे आधीचेच होते. जुलैत त्या परत गेल्या. विमानतळावर दाजींनी त्यांची बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी गरम घरात बोलावतो तुला." काकू म्हणाल्या, "बघू."

दाजींनी अल्बनीच्या वरच्या अंगाला जागा घेऊन ठेवलेली होती. तिथे घर बांधायला काढलं, तेव्हा घर तापवायची व्यवस्था काय करायची यावर बरेच दिवस चर्चा चालली. शेवटी जमिनीतली ऊब वापरायचं ठरलं. मी त्याबद्दल वर्गात थोडंसं शिकले होते, त्यामुळे मला फार उत्साह होता. अंगणात छातीइतके खोल चर खणायचे आणि त्यात काळ्या प्लॅस्टिकच्या नळीची वेटोळी पसरायची. हिवाळ्यात वर हवा कितीही गार झाली तरी एवढ्या खोलीवर माती फारशी गार होत नाही. नळीतून फिरणारं पाणी मातीतली ती थोडी ऊब उचलून आणतं, गॅरेजमधला हीट पंप ती गोळा करून वाढवतो, आणि मग घराच्या जमिनीखाली काँक्रीटमध्ये पुरलेल्या दुसऱ्या नळ्यांतून कोमट पाणी फिरतं. भिंतीवर यंत्र नाही, वाऱ्याचा झोत नाही, फक्त पायाखालची जमीन उबदार. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे फ्रिज उलटा लावला." मला वर्गात याहून सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये चर खणायला डिगर घेऊन एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. माझी परीक्षा नुकतीच संपली होती, म्हणून मी वही आणि मोजपट्टी घेऊन हजर. ताईने पिशवीत हळदकुंकू, उदबत्ती आणि नारळ आणला होता. तो माणूस डिगर बंद करून खाली उतरला आणि हात मागे बांधून बघत उभा राहिला.

"हे कशासाठी?" त्याने विचारलं.

"इन्शुरन्स," दाजी म्हणाले.

"मग माझ्या डिगरचाही कर."

ताईने खरंच डिगरच्या लोखंडी खोऱ्याला कुंकू लावलं. नारळ मात्र फुटेना. सगळी चिकणमाती, एक दगड नाही, आपटला की नारळ रुतून बसायचा. शेवटी दाजींनी तो डिगरच्या लोखंडी दातांवर आपटला तेव्हा फुटला. मिशीवाल्याने खोबऱ्याचा तुकडा खाल्ला, "स्वीट अ‍ॅज" म्हणाला, म्हणजे झकास, आणि कामाला लागला.

मी तीन दिवस तिथेच होते. चरांची लांबी मोजून वहीत लिहिली, नळीची वेटोळी मोजली. व्यवस्था बसवणारा माणूस वेगळा होता. त्याचा स्वतःचा छोटा धंदा होता, सोबत एक मदतनीस. कमी बोलायचा. माती परत ढकलण्याआधी त्याने नळीत पाणी दाबून भरलं आणि दाबाचा काटा दुसऱ्या दिवशीपर्यंत हलत नाही याची खात्री केली. मी प्रश्न विचारले की तो हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचा. माझं इंग्रजी तेव्हा अडखळत होतं, पण वाक्य पुरं होईपर्यंत तो थांबायचा. हे मला पुढे पुष्कळदा आठवलं.

एप्रिल २०१४ मध्ये आम्ही नव्या घरात राहायला गेलो. मी 'आम्ही' म्हणते, कारण ताईने घराच्या नकाशातच माझ्यासाठी खोली धरली होती. मेच्या मध्यावर काकू आल्या. परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं, पण दाजींनी ताईला सांगून ठेवलं होतं की आईला इथं मानवलं तर ते तिकीट वापरायचंच नाही. काकूंना हे कुणी सांगितलं होतं का, याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

आणि घर तापेना.

अगदी बर्फासारखं गार होतं असं नाही. भाड्याच्या घरापेक्षा बरं होतं, भिंती कोरड्या होत्या. पण बैठकीच्या खोलीतल्या थर्मोस्टॅटच्या छोट्या पडद्यावर दाजींनी एकवीस अंश लावून ठेवलेले असायचे आणि प्रत्यक्षात आकडा पंधरा-सोळाच्या पुढे सरकायचा नाही. संध्याकाळी आम्ही घरी आलो की गॅरेजमधून हीट पंपाची घरघर ऐकू यायची, म्हणजे यंत्र चालू होतं. जमिनीवर हात ठेवला की कोमट असल्यासारखं वाटायचं, मग वाटायचं की आपल्या हाताचीच ऊब असेल. काकू दोन स्वेटर, त्यावर शाल आणि पायात लोकरीचे मोजे घालून बसायच्या. त्यांची सहा वर्षांची नात शाळेतून आली की दप्तर टाकून म्हणायची, "आजी, इट्स फ्रीझिंग!" आणि त्यांच्या शालीत शिरायची. ती मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र इंग्रजीतच द्यायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकूंना पुन्हा खोकला सुरू झाला. एका रविवारी पोहे खाताना त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करता येतंय का बघ रे. जुलैतलं."

दाजींनी चमचा खाली ठेवला. "आई, अजून नीट बसलं नाहीये यंत्र. दोन आठवडे दे."

"यंत्राचं काय, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला चालेल. मला नाही झेपत ही हवा. यायचं तेव्हा येईन की उन्हाळ्यात."

ताई उठून ओट्याकडे गेली. तिथून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ही शेवटची वेळ आहे. काकू बहात्तर वर्षांच्या होत्या. उन्हाळ्यात येईन हे म्हणायचं म्हणून होतं. त्या आता गेल्या तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहणार होत्या.

आता मला माझी चूक सांगायला हवी. मला त्या घरात उपयोगी पडायचं होतं. त्यांनी मला घरच्यासारखं ठेवलं होतं आणि मी मात्र बादली ओतण्यापलीकडे काही केलं नव्हतं, असं मला सारखं वाटायचं. म्हणून मी वही काढली. चरांची लांबी होतीच. घराच्या भिंती, काचा, छप्पर यांतून किती ऊब बाहेर जाते याचा अंदाज केला, यंत्र दिवसभर चालतं असं धरलं, आणि दोन दिवस खपून हिशेब मांडला. निष्कर्ष असा निघाला की जमिनीतली नळी कमी पडते आहे. बसवणाऱ्याने चर कमी खणले.

दाजींनी ती दोन पानं वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. त्यांनी बसवणाऱ्याला कडक ईमेल लिहिला, त्याला माझी पानं जोडली, आणि 'आमच्या घरातल्या इंजिनिअरने केलेली तपासणी' असं वर लिहिलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. मला इंजिनिअर म्हणू नका, असं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, मला ते ऐकायला बरं वाटलं.

बसवणारा दोन दिवसांनी आला. दुपारी लवकर, कारण दाजींनी त्या दिवशी घरून काम करायचं ठरवलं होतं. मलाही लेक्चर नव्हतं. "किया ओरा" असा तिकडचा नमस्कार करून त्याने बूट दाराबाहेर काढले आणि तो थेट गॅरेजमध्ये गेला. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान, परत जाणाऱ्याचं तापमान, दाब, सगळं तपासलं. माझी पानं त्याने घडी करून खिशात आणली होती. ती उघडून त्याने एकेका ओळीवर बोट ठेवलं.

"गुणाकार बरोबर आहे," तो म्हणाला. "पण जमीन थकलेली नाही. बघ, पाणी चांगलं उबदार येतंय. नळी कमी पडली असती तर हे केव्हाच गार पडलं असतं." मग दाजींकडे वळून, "तुम्ही याला चालू-बंद करत नाही ना? याला एकटं सोडायचं. काँक्रीटचा एवढा मोठा ठोकळा आहे, तापायला दिवस लागतात."

"आम्ही हातसुद्धा लावत नाही," दाजी ताठ आवाजात म्हणाले. ते खरंच बोलत होते.

जाताना त्याने मला यंत्राच्या पडद्यावरची एक यादी कशी उघडायची ते दाखवलं. यंत्र किती तास चाललं, किती वेळा सुरू झालं, काही बिघाड झाला का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. "तुला आवडेल हे," म्हणाला. दाजींचं समाधान झालं नव्हतं. गाडी गेल्यावर ते म्हणाले, "स्वतःची चूक कोण कबूल करतं?" आणि त्यांनी दुसरा, आणखी कडक ईमेल लिहायला घेतला.

मी मात्र त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन यादी उघडली. यंत्र दिवसभर चालतं असं मी धरलं होतं, प्रत्यक्षात ते दिवसातले आठ-नऊ तासच चाललं होतं. आणि यादीत रोज दोनदा एकच नोंद होती, वीज गेली. सकाळी पावणेआठच्या सुमारास एकदा, रात्री दहाच्या सुमारास एकदा. पहाटे पाचला आणि दुपारी चारला वीज परत येत होती.

दुसऱ्या कुणाला ती नोंद पाहून काय वाटलं असतं कोण जाणे. मला वाटलं, लोडशेडिंग. आमच्याकडे शेतीच्या मोटरींची थ्री फेज वीज ठरलेल्या वेळी जाते, आणि घरातले दिवे सिंगल फेजवर चालूच राहतात. मी लहानपणापासून हेच पाहत आले होते. नवी वसाहत आहे, हीट पंपाची लाइन वेगळी असेल, तिला वेळापत्रक असेल. मला सगळं उलगडल्यासारखं झालं. कॅम्पसवर प्रयोगशाळेत माझ्या जोडीला असलेल्या मुलाला मी विचारलंसुद्धा, की तुमच्याकडे वीज कोणत्या वेळी जाते. तो म्हणाला, "वादळ आलं की." मला वाटलं, तो शहरात राहतो, त्याला काय माहीत.

पण दाजींचा दुसरा ईमेल जाण्याआधी खात्री करावी, म्हणून शनिवारी वडिलांना फोन केला. ते दुकानात होते, मागे हातोडीचा आवाज येत होता. मी सगळं वाचून दाखवलं.

"रोज जाते?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आज सकाळी गेलती?"

मी यादी पाहिली. "नाही. आज नाही गेली."

"मागल्या शनिवारी? रविवारी?"

त्याही दिवशी सकाळची नोंद नव्हती. फक्त रात्रीची होती.

"लोडशेडिंग काय सुट्टी बघून बंद ऱ्हातंय व्हय?" वडील म्हणाले. "ते वीज कंपनीचं काम न्हाई गं. माणसाचं काम हाय. कोण घरात असतंय ते बघ." आणि वर बजावलं, "आन् बोलशील ते नीट बोल. दुसऱ्याच्या घरात हायस."

फोन ठेवल्यावर मी वार आणि वेळा जुळवू लागले. शनिवार-रविवारी सगळे घरी असतात. बसवणारा आला त्या दिवशी दाजी घरी होते, आणि त्या सकाळचीही नोंद नव्हती. इतर दिवशी पावणेआठला ताई, नात आणि मी एकदमच बाहेर पडायचो, दाजी त्याआधी बस पकडायला गेलेले असायचे. मागे एकच माणूस राहायचं. पहाटे पाचला उठणारं, रात्री दहाला झोपायला जाणारं माणूसही तेच होतं.

सोमवारी मी नेहमीसारखी बाहेर पडले आणि अकराच्या बसने परत आले. गॅरेजच्या दारातून आत शिरले. यंत्र गप्प होतं आणि त्याच्या शेजारचा भिंतीवरचा मोठा स्विच खाली केलेला होता. काकू बैठकीच्या खोलीत खिडकीशी उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची ओढून बसल्या होत्या. स्वेटर, शाल, डोक्याला मफलर. मांडीवर ताट, त्यात मेथी निवडत होत्या.

"लवकर आलीस गं? बरं नाही का?"

मी काहीतरी पुटपुटले. मग खाली जमिनीवर बसले आणि मेथीची जुडी पुढे ओढली. बराच वेळ आम्ही दोघी पानं खुडत राहिलो. कसं सुरू करायचं ते मला सुचत नव्हतं. शेवटी सरळ विचारलं.

"काकू, गॅरेजमधलं बटण तुम्ही बंद करता?"

"हो," त्या म्हणाल्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "तुम्ही गेलात की करते. चारला लावते, म्हणजे पोरगी येईपर्यंत जरा बरं होतं."

"पण तुम्ही तर घरीच असता."

"मी एकटीच ना. एकटीसाठी एवढं मोठं घर कशाला तापवायचं? ऊन आहे, शाल आहे." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "आणि रात्री सगळे झोपलेले असताना मोटर चालू ठेवायची म्हणजे मला धसका बसतो. पुण्याला एकदा टाकीची मोटर बंद करायला विसरले होते. रात्रभर कोरडी फिरली, जळाली. आमचे हे तर चार दिवस बोलले नव्हते माझ्याशी. तेव्हापासून गॅस, गीझर, मोटर, सगळं बघितल्याशिवाय मी अंथरुणाला पाठ लावत नाही."

मी वडिलांच्या दुकानात अशा पन्नास मोटरी पाहिल्या होत्या. काकूंना वेडं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. मी त्यांना सांगू लागले की ही मोटर तशी नाही, हिला स्वतःलाच थांबायचं कळतं. आणि हे गीझरसारखं तासभर आधी लावायचं नसतं, कारण जमिनीखाली केवढं तरी काँक्रीट आहे, ते तापायलाच...

"थांब," काकू म्हणाल्या. "म्हणजे बिडाच्या तव्यासारखं."

"हो."

"तो तापायच्या आतच मी दर वेळी गॅस बंद करतेय."

"हो," मी म्हटलं.

काकूंनी ताट बाजूला ठेवलं. "म्हणजे माझ्यामुळे घर गार आहे? पोरगी कुडकुडतेय ती माझ्यामुळे?"

मला रडू यायला लागलं, का ते नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "माझीही चूक आहे. मी न बघताच हिशेब केला. त्या माणसाला उगाच दोष लागला."

"रडतेस काय? जा, लाव ते बटण." मी उठले तशा त्या म्हणाल्या, "पण तुझ्या दाजींना एवढ्यात सांगू नकोस. आधी तापतंय का बघू. नाही तापलं तर उगाच माझी शोभा."

मी कबूल झाले. त्या चार दिवसांत मी इतकी अस्वस्थ होते, की कॅम्पसवर बसून काय वाचलं ते आठवत नाही. बुधवारी सकाळी आकडा सतरावर होता, गुरुवारी अठराच्या पुढे. काकूंनी रात्री दहाला गॅरेजपर्यंत जाऊन दार उघडून ऐकायचं आणि बटणाला हात न लावता परत यायचं, असं सुरू केलं. त्यांना ते जड जात होतं. एकदा मला म्हणाल्या, "जळाली तर तू सांग हं, मी नाही सांगायची." शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावर एकवीस आला. नात शाळेतून आली, मोजे काढून जमिनीवर पालथी पडली आणि गाल टेकवून तशीच राहिली. उन्हात तापलेल्या फरशीवर संध्याकाळी पाऊल ठेवावं, तशी जमीन लागत होती.

दाजी घरी आले आणि पडद्यासमोर उभे राहिले. "बघितलंस?" ते ताईला म्हणाले. "काहीतरी करून गेलाय तो गुपचूप. ईमेलमुळे. मी दुसरा पाठवतोच आता, की आधी चूक होती हे लेखी दे."

आम्ही जेवायला बसलो होतो. मी काकूंना शब्द दिला होता आणि एका भल्या माणसावर माझ्या दोन पानांमुळे आळ होता. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

"मी बंद करत होते," काकू म्हणाल्या.

दाजींना कळलं नाही. "काय?"

"ते यंत्र. रोज. तुम्ही गेलात की बंद, रात्री झोपताना बंद. या पोरीने शोधून काढलं. त्या माणसाला काही लिहू नकोस."

दाजी एकदम मोठ्याने म्हणाले, "अगं आई! तुझ्यासाठी बांधलंय हे सगळं! तुला त्रास होऊ नये म्हणून अख्खं अंगण खणलं! आणि तूच दिवसभर थंडीत..."

"मग तसं सांगायचंस ना!" काकूंचाही आवाज चढला. "मला कुणी सांगितलं? मला वाटलं घर तुमचं आहे, मला त्यात ठेवून घेताय. पाहुण्याने किती लाइट जाळायचा याला काही..." त्यांना खोकला आला आणि बोलणं थांबलं.

ताईने त्यांच्या पाठीवर हात फिरवला. दाजी ताटाकडे बघत होते. नातीने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "आर दे फायटिंग?" मी म्हटलं, "नाही गं, बोलतायत."

"पाहुणी काय, आई," दाजी म्हणाले. "नकाशातली ती दक्षिणेची... इथे उत्तरेची ऊन येणारी खोली, ती पहिल्यांदा तुझी काढली. मग बाकीचं घर." तोंडातून आधी 'दक्षिण' निघालं याचं त्यांना हसू आलं. पुण्याच्या उलट तिकडे ऊन उत्तरेकडून येतं, आणि एवढी वर्षं राहूनही आम्ही सगळे हे चुकायचो.

"मला ती खोली पाहुण्यांची वाटली," काकू म्हणाल्या. "चादर नवीन होती."

मग मी माझं सांगितलं. मी इंजिनिअर नाही, यंत्र किती तास चालतं हे न बघता मी नळी कमी ठरवली, आणि तो ईमेल माझ्यामुळे गेला. दाजी म्हणाले, "पाठवला मी. तू कशाला." तरी शनिवारी आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाला लिहिलं. काय झालं ते सगळं, लोडशेडिंगसकट. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. एकीत 'नो वरीज' होतं. दुसरीत माझ्यासाठी लिहिलं होतं, की पुढच्या वेळी आधी यंत्राला विचार, मग वहीला.

तिकिटाचा विषय त्यानंतर आठवडाभर कुणी काढला नाही. दाजी धीर करत नव्हते आणि ताई म्हणत होती, त्यांनाच ठरवू दे. काकूंचा खोकला कमी झाला. गुडघे दुखायचे ते दुखतच होते. उबेने गुडघे बरे होतात असं म्हणणं खोटं ठरेल. दुपारी मी कधी लवकर आले तर त्या खिडकीशी बसलेल्या असायच्या, पण मफलर नसायचा.

एका दुपारी मी आत आले तेव्हा त्या फोनवर पुण्याच्या शेजारणीशी बोलत होत्या. मला हाताने बस म्हणाल्या आणि बोलणं चालू ठेवलं.

"नाही गं, सप्टेंबरात नाही. नाही, बरी आहे मी... किल्ली आहे ना तुझ्याकडे? मग असं कर, गॅलरीतल्या कुंड्या तुझ्याकडे ने. मोगऱ्याला पाणी बेताने घाल. हो, सगळ्याच ने. आणि फ्रिज रिकामा करून बंद करून टाक. मेन स्विचच बंद कर घराचा."

त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढून पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, "चहा टाक दोघींचा. आलं घाल जरा."